दोघी असाल तरच

लांब सूर एका दमात कुणालाच धरवत नाही. आठवडाभर ऑफिसात एसीची हवा खाऊन शनिवारी गायला येणाऱ्या आमच्यासारख्यांची तर बातच सोडा. त्यावर क्वायरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायकवृंदात, एक साधी युक्ती असते. शेजारी उभ्या असलेल्या दोघींनी एकाच वेळी श्वास घ्यायचा नाही. एकीने हळूच दम घ्यायचा, तेवढा वेळ दुसरीने सूर धरून ठेवायचा, मग उलट. ऐकणाऱ्याला वाटतं, सूर तुटलाच नाही. माझ्या नोटेशनच्या कागदावर माझ्या श्वासाच्या जागी पेन्सिलीने काढलेले साधे स्वल्पविराम असत, आणि माझ्या शेजारणीच्या श्वासाच्या जागी भोवती गोल केलेले. गोल दिसला की मी थांबायचं नाही.

कतारमधल्या दोहाच्या चर्चच्या इंग्रजी क्वायरमध्ये आम्ही दोघी नऊ वर्षं अशा शेजारी उभ्या राहिलो. आल्टो, म्हणजे बायकांतला खालचा आवाज. आल्टोचं गाणं कुणी गुणगुणत घरी जात नाही. पण आम्ही चुकलो तर गाण्याची सगळी इमारत कलते. दोघी वसईच्या. ती एका पट्ट्यातली, मी दुसऱ्या. घरची बोली वेगवेगळी, त्यामुळे एकमेकींशी आम्ही शाळेत शिकलेली मराठी बोलायचो, आणि त्याचं आम्हालाच हसू यायचं. मी सांगतेय त्या वर्षी तिचा नवरा गेल्याला दोन वर्षं झाली होती. ती आणि तिची मुलगी नजमा भागात एका फ्लॅटच्या पार्टिशन घातलेल्या अर्ध्या भागात राहायच्या. मुलगी मराठी सगळं समजायची, उत्तर इंग्रजीत द्यायची. मी बिन महमूदला. आम्ही दोघी एकाच पॉलिक्लिनिकमध्ये कामाला होतो. ती तळमजल्यावर इन्शुरन्सच्या डेस्कवर, मी वर एचआरमध्ये. तिला तिथे चिकटवलं होतं मीच, आणि हे मी चारचौघांत सांगायचेही. नाकाने कांदे सोलायची सवय माझी जुनी आहे.

त्या वर्षी राखेच्या बुधवारच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपासकाळ सुरू होतो त्या दिवसाच्या, आधी आमच्या क्वायरमास्टरांनी ती रचना आणली. हे मूळचे गोव्याचे, मुंबईत वाढलेले, इथे एअर कंडिशनिंगचे इंजिनियर. चारशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका संगीतकाराने ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यासाठी लॅटिनमध्ये बांधलेलं प्रायश्चित्ताचं स्तोत्र. एक माणूस देवापुढे उभा राहून म्हणतो, चूक माझी आहे, मला धुऊन काढ. एवढाच विषय. पण बांधलंय दोन गायकवृंदांसाठी. मोठा वृंद पुढे वेदीजवळ उभा राहतो आणि कडव्याला भारदस्त सुरुवात करतो. मग एक पाद्री सपाट सुरात एक ओळ म्हणतो. मग कुठून तरी लांबून, दिसत नाही अशा ठिकाणाहून, छोटा वृंद उत्तर देतो. तो छोटा वृंद ऐकला की अंगावर काटा येतो. आपण ज्याला उत्तर मागत होतो तो इतका वेळ मागेच उभा होता असं वाटतं.

छोट्या वृंदात जायची प्रत्येकाची इच्छा होती. तसं कुणी बोलून दाखवलं नाही. चर्चमध्ये मोठेपणाची हाव नम्रपणाच्या कपड्यांत फिरते. मास्टरांनी आठजण निवडले, प्रत्येक आवाजाला दोन. आल्टोसाठी त्यांनी आम्हा दोघींकडे बोट केलं आणि इंग्रजीत म्हणाले, "टुगेदर. दोघी असाल तरच. एक आली नाही तर दुसरीने मोठ्या वृंदात जायचं, मग मी फिलिपिनो क्वायरमधून जोडी आणीन." चौदा वर्षं मी त्या क्वायरमध्ये खस्ता खाल्ल्या होत्या. फोटोकॉपी काढल्या, फाइली लावल्या, उकाड्यात पार्किंगमधून कीबोर्ड उचलून आणला. पुढे कधी कुणी बोलावलं नव्हतं. त्या दिवशी गाडीत बसल्यावर मी रडले आणि तिने बॅगेतून टिश्यू काढून दिला.

आमच्या चर्चला गॅलरी नाही. इथल्या नियमाने बाहेरून तर क्रॉसही नाही. शहराबाहेरच्या त्या आवारात बॅगा तपासून आत जायचं आणि मोठ्या हॉलसारख्या इमारतीत मिस्सा, म्हणजे उपासना, ऐकायची. त्यामुळे छोटा वृंद ठेवायचा कुठे हा प्रश्न आला. शेवटी आम्हाला मागच्या बोळात उभं केलं, रडणाऱ्या तान्ह्या मुलांना घेऊन आया बसतात त्या काचेच्या खोलीशेजारी. तिथून मास्टर दिसत नव्हते. एकाने शक्कल लढवली की मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून त्यांचा हात बघू. पण तो हात अर्धा क्षण उशिरा दिसायचा, आणि अर्ध्या क्षणात गाण्याची माती होते. मग मास्टर म्हणाले, फोन बंद करा, शेजारच्याचा श्वास ऐका. त्या दिवसापासून मी तिच्या श्वासावर गायला लागले. तिच्या नाकातून बारीक आवाज यायचा, सर्दी झाल्यासारखा. तो ऐकला की मी तोंड उघडायचं.

दुसऱ्या की तिसऱ्या तालमीनंतरच्या आठवड्यात मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. कंपनीने एक शाखा बंद करून दोन शाखांची इन्शुरन्सची कामं एकत्र करायची ठरवली होती. नऊ नावांची यादी होती. पाचवं नाव तिचं. मी पत्रं तयार करून ठेवायची, तारीख मोकळी सोडायची आणि कुठेही बोलायचं नाही. तसं लिहून माझी सही घेतली. पत्रं कधी द्यायची ते त्याने कॅलेंडरवर बोट ठेवून सांगितलं. मी बघितलं तर तो ईस्टरचा रविवार होता. इथे रविवार कामाचा दिवस, आठवड्याचा पहिला. त्या बिचाऱ्याला ईस्टर ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी म्हणू शकले असते की सर, एक दिवस पुढे ढकलू या. मी म्हणाले, "ओके सर."

इथपर्यंत माझी चूक नाही, असं मी आजही कुणाशीही भांडून सिद्ध करू शकते. आदल्या वर्षी एका मुलीने अशीच यादी बाहेर सांगितली होती. तिला त्याच आठवड्यात घरी पाठवलं. मी मूग गिळून बसले तर त्यात पोटाचा प्रश्न होता. ते मी समजू शकते. पुढचं समजू शकत नाही.

पुढच्या शनिवारी तालमीला जाताना गाडीत ती म्हणाली, "तुला एक विचारायचंय. हसू नकोस."

"विचार की."

"दुखानच्या क्लिनिकमधून कॉल आला होता. सेम पोस्ट. इन्शुरन्स अप्रूव्हल्स. इंटरव्ह्यू फोनवरच झाला. ते म्हणतात, या महिन्यात जॉइन करा. राहायला क्वार्टर देतात."

मी रस्त्याकडे बघत होते. सिग्नल लाल होता. मला आठवतंय की पहिल्यांदा मला खरोखर बरं वाटलं. देवाने सोडवलं, असं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला. मी एक अक्षर न बोलता ही दुखानला जाईल, रविवारी तिचं पत्र फाडून टाकता येईल, माझी सहीही शाबूत.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय, दुखान म्हणजे तासाभराचा रस्ता. मला ड्रायव्हिंग येत नाही. शनिवारची प्रॅक्टिस गेलीच. गुड फ्रायडे पण गेला. आणि पोरीची बारावी सुरू होतेय आता, स्कूल बदलायचं म्हणजे... इथे आपलं बरं चाललंय ना. मला तर नाही म्हणावंसं वाटतंय. तू एचआरमध्ये आहेस. आपल्याकडे काही प्रॉब्लेम नाही ना?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. मी गाडी पुढे काढली आणि म्हणाले, "आपल्याकडे कसला प्रॉब्लेम? आणि आता सोडून गेलीस तर छोट्या वृंदाचं काय? त्या वाळवंटात जाऊन काय करणार आहेस तू एकटी?"

ती हसली. "तेच म्हटलं मी. यल्ला, चल, उद्या त्यांना नाही म्हणून टाकते."

हे मी कुठल्या मॅनेजरने सांगितलं म्हणून बोलले नव्हते. गप्प राहिले असते, "तुझं तू बघ" म्हटलं असतं, "मुलीला विचार" म्हटलं असतं, तरी माझी नोकरी सुरक्षित होती. कसलीही सही मोडत नव्हती. मला फक्त त्या बोळात उभं राहायचं होतं. ती गेली असती तर मास्टरांनी मला मोठ्या वृंदात, चाळीस माणसांच्या तिसऱ्या रांगेत ढकललं असतं. तेवढ्यासाठी मी तिचा केसाने गळा कापला, आणि नंतर तिला चहा पाजला. तालमीआधी कॅफेटेरियातला करक चहा आम्ही नेहमीच घ्यायचो. तिने नेहमीसारखा माझ्या कपातला अर्धा आपल्या कपात ओतून घेतला.

त्यानंतर चार तालमी झाल्या. मी घरी बसून मनाशी हिशोब करायचे की आज सांगू, उद्या सांगू. अजून दुखानवाल्यांनी माणूस घेतला नसेल. नाव न सांगता एक मेसेज पाठवता आला असता. कुठल्या दुसऱ्या नंबरवरून. मी तो मेसेज मनातल्या मनात इतक्या वेळा लिहिला की त्याचे शब्द मला स्तोत्रापेक्षा जास्त पाठ झाले. मग शनिवार यायचा, बोळात आम्ही उभ्या राहायचो, तिचा श्वास ऐकू यायचा आणि मी गायचे. लॅटिन शब्दांचा अर्थ मास्टरांनी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिला होता, त्यामुळे आपण काय म्हणतोय हे कळत नव्हतं असंही नाही. चूक कबूल करणाऱ्या त्या माणसाचे शब्द मी महिनाभर बिनचूक म्हटले. मास्टर एकदा म्हणाले, "आल्टोज, ब्यूटिफुल. मला शिवणच दिसत नाही."

पवित्र आठवड्यात कन्फेशनला रांगा लागतात. मल्याळीची वेगळी, कोकणीची, तामिळची, फिलिपिनोंच्या तागालोगची, इंग्रजीची. मराठीची नाही, आम्ही वसईकर इंग्रजीत पाप सांगतो, आणि इंग्रजीत माझं पाप ऑफिसच्या ईमेलसारखं वाटतं. मी फादरना सांगितलं की कामाच्या ठिकाणी एक गुपित मला ठेवावं लागतंय, त्यामुळे एका मैत्रिणीचं नुकसान होईल, मनाला त्रास होतो. फादर थकलेले होते, माझ्यामागे शंभर माणसं होती. ते म्हणाले, नोकरीत दिलेला शब्द पाळणं हे पाप नव्हे, मुली. तिच्यासाठी प्रार्थना कर. त्यांनी तीन प्रार्थना सांगितल्या. मी त्या म्हटल्या. दुखानचं मी त्यांना सांगितलंच नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तेही देवाच्या दारात. फादरना मी अर्धंच दिलं होतं. त्यांनी त्याला पुरेल एवढी माफी दिली.

गुड फ्रायडेला मुख्य उपासना आटोपल्यावर संध्याकाळी आमचं गाणं होतं. पूर्वी युरोपात हे गाताना मेणबत्त्या एक-एक करून विझवत, म्हणून मास्टरांना मेणबत्त्या हव्या होत्या. आवारात ज्योत लावायला परवानगी मिळाली नाही. मग तीच नजमातल्या एका सगळं-मिळेल दुकानातून बॅटरीच्या पंधरा मेणबत्त्या घेऊन आली. त्यांचं बटण बुडाला होतं. त्यामुळे प्रत्येक कडव्यानंतर एक स्वयंसेवक गंभीर चेहऱ्याने मेणबत्ती उचलायचा, उलटी करायचा, अंगठ्याने बटण दाबायचा आणि परत ठेवायचा. पहिल्या दोन वेळा लोकांत खसखस पिकली. नंतर सगळे गप्प झाले.

आम्ही बोळात होतो. काचेच्या खोलीत एक बाळ आईच्या खांद्यावर झोपलं होतं. मोठ्या वृंदाचं कडवं संपलं, पाद्रींची ओळ झाली. मी डोळे मिटले. तिचा श्वास आला आणि आम्ही आठजण एकदम निघालो. सोप्रानो, म्हणजे बायकांतला वरचा आवाज, सगळ्यात उंच सुरावर गेली तेव्हा आम्ही दोघी खाली धरून उभ्या होतो, शेजारची दम घेते तेव्हा मी, मी घेते तेव्हा ती. एकही स्वल्पविराम चुकला नाही. शेवटच्या कडव्याला दोन्ही वृंद एकत्र येतात, तेव्हा मागच्या बाकावरची माणसं मान वळवून आम्हाला शोधत होती. मला सुख झालं. दुसरा शब्द त्याला नाही. त्या वीस मिनिटांत यादीतलं पाचवं नाव मला एकदाही आठवलं नाही.

गाणं झाल्यावर टाळ्या नव्हत्या, त्या दिवशी वाजवत नाहीत. ती माझ्याकडे वळली, तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "ह्याच्यासाठी राहिले ते बरं झालं."

शनिवारी रात्री ईस्टरची जागर-मिस्सा झाली. रविवारी सकाळी मी ऑफिसात गेले आणि नऊ पत्रांवर तारीख टाकली. मॅनेजरने एकेकाला वर बोलावलं. मी साक्षीदार म्हणून त्याच्या बाजूच्या खुर्चीवर बसायचं, सही घ्यायची, एक प्रत फाइलला लावायची. पाचव्या वेळी ती आत आली. तिने नवा ड्रेस घातला होता, ईस्टरचा. डब्यात सगळ्यांसाठी केक आणला होता. मॅनेजर तीच चार वाक्यं बोलला जी त्याआधी चौघांना बोलला होता. तिने पत्र दोनदा वाचलं. मग मान खाली घालून सही केली. माझ्याकडे बघून तिने धीर दिल्यासारखी मान हलवली, वाईट बातमी जणू मलाच मिळाली होती.

दुपारी ती पॅन्ट्रीत भेटली. तिने आधी फोन काढला, दुखानचा नंबर लावला आणि स्पीकरवर टाकला. मीही ऐकावं, काही कमी-जास्त झालं तर मी सावरून घ्यावं म्हणून. पलीकडची बाई गोड बोलली. सॉरी मॅम, पोस्ट दोन आठवड्यांपूर्वी फिल झाली. सीव्ही पाठवून ठेवा, इन्शाल्ला पुढे काही निघालं तर कळवू. तिने शुक्रन म्हणून आभार मानले आणि फोन ठेवला.

"पोरीला काय सांगू?" ती म्हणाली. "परवाच पुस्तकं घेतली बारावीची."

मग तिने केकचा डबा उघडून माझ्यापुढे सरकवला.

"तुला कधी कळलं गं?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. मी ते कधी घोकलं होतं ठाऊक नाही. "आज सकाळी," मी म्हणाले. "यादी डायरेक्ट हेड ऑफिसहून आली. मला तर हात लावायला दिला नाही."

तिने सुटकेचा नि:श्वास टाकला. खरंच टाकला, तिचा श्वास मी नऊ वर्षं ऐकत आले होते, त्यात माझी चूक होणार नाही. तिने माझा हात आपल्या हातात घेतला आणि थोपटला. नोकरी तिची गेली होती आणि थोपटत ती मला होती.

"बरं झालं," ती म्हणाली. "मी तुला ओळखते ना. आधी कळलं असतं, तर परवा तुझ्या तोंडातून सूर फुटला नसता."

मी केकचा तुकडा तोडला आणि खाल्ला, कारण ती वाट बघत होती. परवा मी चौदा वर्षांत गायले नव्हते इतकं चांगलं गायले होते.